जास्वंदीकडे उघडलेला पोर्ट

राजसचा आवाज मला भेटला तो एका चुकलेल्या प्रॉक्सी सेटिंगमुळे – प्रॉक्सी म्हणजे ऑफिसच्या नेटचा दारवान. घरच्या टेस्ट मशीनवर मी बनवलेलं वेबपान काही केल्या उघडेना, म्हणून वैतागून खराडीच्या आमच्या ऑफिसच्या मदतकक्षाला फोन लावला.

"तुझा ब्राउझर घरातल्याच मशीनचा पत्ता ऑफिसच्या प्रॉक्सीला विचारतोय," पलीकडून शांत आवाज आला. "स्वयंपाकघरात जायला आधी खराडीला जाऊन परवानगी काढावी, तसं. तो पत्ता अपवादात टाक."

मी टाकला. पान उघडलं. आणि त्या दिवसापासून हडपसरमधलं माझं नेट वरचेवर बिघडायला लागलं. कधी खरंच... कधी, जाऊ दे.

तोही घरूनच काम करायचा. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. फोटोच्या जागी त्याने एका मांजराला बसवलं होतं. पण तो आवाज ऐकला की मी उगीच केस सारखे करायची. फोनवर! मग एकदा तो सहज बोलून गेला, "आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. सकाळी बाल्कनीत उभी राहून दात घासते, डोळे मिटून. तिच्यासाठी मी लवकर उठतो."

"दात घासताना?" मी म्हणाले. "काय एकेकाची आवड!"

फोन ठेवला आणि रडले. सरळ सांगते, प्रेमातच पडले होते मी त्याच्या.

तो गुरुवार मदतकक्षातला त्याचा शेवटचा दिवस होता. शुक्रवारी सुट्टी आणि सोमवारपासून तो दुसऱ्या टीममध्ये जाणार, म्हणजे तो आवाज संपला. मनातलं सांगायचं तर आजच. पण ती दात घासणारी मधे उभी होती ना!

त्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट गेलेली. लाइट परत आली तेव्हा क्लायंट माझं पान बघायला अगदी बसतच होता. ऑफिसने मला घरी नेटची एक डबी दिली होती, व्हीपीएनने, म्हणजे खासगी सुरक्षित जोडणीने, खराडीला जोडलेली. तिकडच्या सर्व्हरवरचा एक पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, माझ्या टेस्ट मशीनकडे वळवला की क्लायंटला ते पान दिसणार होतं. मी राजसला फोन लावला.

"पोर्ट वळवलाय. आधी मी उघडून बघतो," तो म्हणाला.

 पलीकडून नुसते माऊसचे क्लिक ऐकू आले.

"राजस? पान दिसतंय का?"

"तनुजा..." त्याचा आवाज चिरकला. "तुझ्या पोर्टवर... मी दिसतोय."

"काय?"

"मी. हेल्मेट घालून. जास्वंद तोडताना."

 मी क्लायंटसाठीची तीच लिंक उघडली आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पडद्यावर आमचं फाटक होतं! बाबांनी फुलचोर पकडायला कॅमेरा बसवला होता, तो मला न विचारता ऑफिसच्याच डबीला जोडून ठेवला होता, कारण "त्याचं नेट चांगलं आहे". लाइट आल्यावर डबीने घरातल्या यंत्रांना पुन्हा पत्ते वाटले. कॅमेरा आधी जागा झाला आणि माझ्या मशीनचा पत्ता घेऊन बसला. पासवर्ड? तो बाबांनी ठेवलाच नव्हता; त्यांना ते कायम फाजील लाड वाटतात.

आणि कॅमेऱ्याने सकाळी टिपून ठेवलेल्या त्या चित्रात फाटकावरच्या बाबांच्या पाटीखाली – 'फुले तोडताना हसावे. कॅमेरा चालू आहे' – एक हेल्मेटवाला उभा होता. हातात फुलं, मान वर. वर बाल्कनीत कोण? तोंडाला फेस, डोळे गच्च मिटलेले... मी!

"ती... ती तू आहेस?" तो कसाबसा म्हणाला.

"मी डोळे मिटते?"

"तू दात घासतेस?"

"सगळेच घासतात, राजस!"

  आधी तोच भानावर आला. "तनुजा, क्लायंट! तुझ्या मशीनचा नवा पत्ता सांग. लवकर!"

मी शोधून सांगितला. त्याने पोर्ट तिकडे वळवला, आणि क्लायंटला फेसाऐवजी माझं पान दिसलं.

संध्याकाळी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. बाहेर उंचसा मुलगा, हातात हेल्मेट.

"चेहरा ओळखला नाही," बाबा म्हणाले, "हेल्मेट ओळखलं. या."

"काका, चुकलं. आईचा गुडघा दुखतो, तिला बाहेर पडवत नाही. तिच्या गणपतीला जास्वंद लागते, म्हणून..."

"गणपती तुमच्या घरात. मग तोडताना रोज वर कुणाचं दर्शन घेत होतात?"

मी पडद्यामागून ऐकत होते. राजसने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"तनुजाचं," तो म्हणाला. "बाल्कनीतल्या मुलीचं नाव आज कळलं. तनुजाचा आवाज... तो आधीपासून आवडत होता. दोघी वेगळ्या समजून मला स्वतःचीच लाज वाटायची, काका."

बाबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. आता गेला हा, असंच मला वाटलं.

"उद्यापासून बेल वाजवायची," बाबा म्हणाले. "फुलं ती तोडून देईल. मुक्या कळ्या तोडू नका, झाड बिघडतं." आणि चक्क आत निघून गेले. हा धक्का पडद्यावरच्या धक्क्यापेक्षा मोठा होता!

मी बाहेर आले. त्याला पहिल्यांदाच समोरून पाहत होते.

"सोमवारपासून माझं नेट बिघडलं तर?" मी विचारलं.

"आधीसुद्धा अर्ध्या वेळा ते चालूच असायचं," तो हळूच म्हणाला. "मला पलीकडून दिसतं, तनुजा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू फोन करायची थांबली असतीस..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत गेले. ब्रश न घेता, डोळे उघडे ठेवून. खाली जास्वंदीपाशी तो उभा होता, हेल्मेट काढून. माझ्याकडे बघून हसला आणि त्याने बेल वाजवली.