चष्मेवाल्याची यादी

काउंटरपाशी उभं राहून तिने पर्समधून काडेपेटी काढली, आणि काडेपेटीतून एक घोडेस्वार.

"याचा डोळा दिसेल असा चष्मा हवाय," ती म्हणाली. "मला नाही, माझ्या बाबांना."

चष्मेवाल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घोडेस्वाराकडे... आणि मग तो तिच्याकडे बघायचं विसरूनच गेला. तिला ते जरा लागलंच! इंचभर उंचीचा तो स्वार त्याने चिमटीत धरून दिव्याखाली फिरवला.

"डोळा कुणाचा? स्वाराचा की घोड्याचा?"

"दोघांचा."

"स्वाराचा ठीक आहे हो. घोडा मात्र तिरळा झालाय."

ती खुदकन हसली. घरी हे बोलायची कुणाची छाती नव्हती. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर रणांगण मांडलं. स्वतः रंगवलेल्या इंचभर शिपायांच्या दोन पलटणी, फासे, मोजपट्टी, नियमांची वही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जवळचं धूसर दिसू लागलं आणि रंगाचा ब्रश तीन महिने कपात नुसता उभा राहिला. तेव्हापासून बाबांनी आपलं सगळं लक्ष तिच्या भाजीतल्या मिठावर केंद्रित केलं होतं.

"तुम्हाला यातलं कळतं?" तिने विचारलं.

त्याने ड्रॉवर उघडला. भिंगांच्या पाकिटांमागे चाळीस शिपाई शिस्तीत उभे होते.

"कुणाला सांगू नका हं. लोक म्हणतील, काचा घासायच्या सोडून लढाया करतो."

"करता?"

"एकटाच. त्यामुळे आजवर हरलो नाही... जिंकलोही नाही म्हणा."

चष्म्याचा नंबर लिहायच्या कार्डावर त्याने काही वेबसाइटची नावं लिहून दिली. "ही रंगकामाची. घोडा कसा रंगवायचा ते पायरीपायरीने दाखवतात. ही खेळाच्या फुकट नियमांची. इथे तारेची झाडं करायला शिकवतात. रोज एक, जेवणानंतर. आणि ही शेवटची म्हणजे... यादीच आहे. चांगल्या चांगल्या साइटची."

"डॉक्टरसारखं लिहून देताय की!"

"अक्षर लागतंय ना? मग कसला डॉक्टर."

आठवड्याभराने ती पुन्हा दुकानात हजर झाली.

"तुमचं औषध बाधलं. त्या शेवटच्या यादीतल्या अर्ध्या साइट उघडतच नाहीत. बाबा म्हणतात, यादी करणारा महाआळशी आहे."

त्याचे कान लाल झाले. "बरोबर म्हणतात. तो मीच."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सात वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या मित्राने हौसेने बासष्ट साइट शोधल्या होत्या, प्रत्येकीखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. मित्र नोकरीसाठी लांब गेला, खेळायला कुणी उरलं नाही, आणि यादीवर धूळ बसली.

"महिनाअखेरीस बंदच करतोय. वाचतंय कोण? गेल्या महिन्यात तीन माणसं आली. त्यातला एक मी."

"बंद?" तिचा आवाज एकदम चढला. "बाबा रोज सकाळी तुमची यादी उघडून बसतात! काल रंगवताना शीळ घालत होते. तीन महिन्यांनी ऐकली मी ती शीळ." मग जरा ओशाळून ती म्हणाली, "रविवारी घरी या. तिघं मिळून साफ करू."

तो आला. ती नाव वाचायची, तो लॅपटॉपवर उघडायचा, आणि नव्या चष्म्यातून बघत बाबा वहीत काट मारायचे.

"हाही गेला बिचारा."

"बाबा, साइट बंद झाली म्हणा!"

दुसऱ्या रविवारी तिने त्याचा एक शिपाई उचलला, पातळ ब्रश घेतला आणि दोन फटकाऱ्यांत शिपायाच्या गालावर जखमेची खूण उमटवली. तो बघतच राहिला.

"हे कुठे शिकलात?"

"मी खोटे दात करते. त्यांना खऱ्या दातांचा पिवळेपणा रोज रंगवून आणते."

"अरे वा... आणि इतके दिवस कुठे होतात?"

"दातांत," ती म्हणाली, आणि बाबा उगाचच खोकले.

दातांचे साचे ओततात त्या प्लास्टरचे सुंदर डोंगर होतात, हेही तिनेच दाखवलं. त्याने लगेच ते यादीत नवं पान म्हणून घातलं. खाली लिहिलं, 'शिकवणाऱ्या बाईंचे हात फार छान आहेत.' मग घाईघाईने 'हात' खोडून तिथे 'नमुने' केलं. तिने ते पाहिलं. पाहिलं नाही असंही दाखवलं.

तिसऱ्या रविवारी यादी संपली. चौतीस जिवंत साइट आणि तिचं एक पान. यादी आता बंद होणार नव्हती, बाबांनी तसं वचनच घेतलं त्याच्याकडून.

पुढच्या रविवारी तो आला नाही.

बाबांनी दोन्ही पलटणी मांडल्या, दारावरच्या घड्याळाकडे चारदा पाहिलं आणि म्हणाले, "बोलवायचं होतंस गं."

"काम संपलं ना, बाबा."

"मी कामाबद्दल बोलतच नाहीये."

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती दुकानात गेली. आत कुणी नव्हतं. तिला बघून तो उठला, आणि उठून काय करायचं ते त्याला सुचेना.

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली. "माझे."

नंबर काढायची जड चौकट त्याने तिच्या नाकावर बसवली. समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला. "खालची ओळ वाचा."

"काल... का... आला... नाहीत."

"असं लिहिलेलं नाहीये तिथे."

"मला तसंच दिसतंय."

काच शोधायच्या निमित्ताने तो पाठमोरा झाला. "आलो होतो. फाटकापर्यंत. पण आत येऊन सांगणार काय? यादी तर संपली होती..."

तिने नाकावरची चौकट नीट केली.

"वरची ओळ वाचू?"

"वाचा."

"मला... तू... आवडतोस."

तो गर्रकन वळला. काच त्याच्या बोटांतून सुटता सुटता राहिली.

"या ओळीत 'तू' कुठून आला?"

"नवीन तक्ता आहे वाटतं," ती म्हणाली.

"मलाही," तो म्हणाला. "म्हणजे... तू. तू आवडतेस. कोपरापर्यंत प्लास्टर माखून डोंगर थापत होतीस ना, तेव्हापासून."

"आणि आज सांगतोयस? मी इथवर चालत आल्यावर?"

"हो ना. आळशी आहे मी."

दोघंही हसले. त्याने पुढे होऊन चौकटीच्या दांड्या तिच्या कानांमागून सोडवायला घेतल्या. बटांमध्ये एक दांडी अडकली.

"सावकाश," ती हळूच म्हणाली. "घाई कुणाला आहे?"