टोपडं

डोक्यावर टपकन पिकलं उंबर आपटलं. वर पाहिलं, तर आमच्या बांधावरच्या झाडात एक अनोळखी तरणा बसलेला. दिल्लीला इंग्रज राजाचा दरबार झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या नंदिगड्डा गावात तेव्हा उंबरं चोरायची ती माकडंच. दोन पायांचा चोर हा पहिलाच.

एवढी उंबरं कुणाला, म्हणून मी फणकाऱ्यानं विचारलं. तो मुकाट खाली उतरला. नाव झिलू, रानात लाकूडतोडीला आलेला. आणि मग म्हणाला—

“एक बाई हाय. नवरा मारला कुनीतरी तिचा. पदरात पोर, दार लिंपून आत बसलीया... माज्याबिगर तिला कोन हाय?”

मी थक्कच झाले. परक्या बाईचं असं उघड कुणी सांगतं? खोटं कशाला बोलू, दया आली तिची, आणि जराशी जळलेही. तरी रोज त्याच्यासाठी निवडून उंबरं वेचून ठेवू लागले.

“दिसाया कशी हाय ती?” एकदा मी न राहवून विचारलं.

“नाक लांब हाय.”

“माज्याहून?”

“तुजं नीट बघाया... जवळ यावं लागंल.”

मी पाठ फिरवली, पण हसू काही आवरलं नाही. त्याच आठवड्यात जुन्या लुगड्याच्या काठाचं टोपडं शिवलं, मडक्यात आंबील घेतली आणि म्हटलं, मला ने तिच्याकडं. टोपडं पाहून तो काहीतरी बोलणार होता... बोलला नाही. नुसतं “चल” म्हणाला.

भर रानात एका जुन्या झाडाला बांबूची शिडी लावलेली. वर ढोली चिखलानं लिंपलेली, बोटभर फट तेवढी उघडी. झिलूनं फटीशी उंबर धरलं आणि आतून लांबलचक पिवळी चोच आली. धनेश पक्ष्याची मादी! माझ्या हातात आंबील, खांद्यावर टोपडं... तो पोट धरून हसला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मग त्यानं सांगितलं. मादी दार लिंपून आत बसते, पिल्लू उडेपर्यंत नर दोघांना भरवतो.

“आनि नर न्हाई आला तर?”

“दोगंबी आत मरत्यात. हिचा होळीच्या दुसऱ्या दिशी पडला. चरबीसाठी मारला कुनीतरी.”

होळीच्या दुसऱ्या दिवशी बा रानातून एक मोठा पक्षी घेऊन आला होता.

“माज्या बानं मारला,” मी कशीबशी म्हणाले. “आयच्या गुडघ्यांना ती चरबी मीच चोळलीया.”

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. तो पाठ फिरवून उभा राहिला. टोपडं तिथंच राहिलं, मी रडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी झिलू उंबराकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या मायलेकरांना कोण भरवत असेल, या विचारानं घास उतरेना. चौथ्या दिवशी ओटीत उंबरं भरून मीच शिडी चढले. चोच आली, माझ्या तळव्यावरचं उंबर हलकेच उचलून आत गेली. मला हुंदका फुटला.

“ते दुसरं उंबराचं झाड लई लांब हाय,” खालून झिलूचा आवाज आला. “रागानं तिकडं जाऊन पाय दुखाया लागले.”

हे सगळं मी बाला सांगितलं. त्यानं उठून बंदूक आढ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या पुढ्यात दोन सरडे ठेवले. पिल्लांना ते लागतात, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

मिरगाच्या तोंडावर ढोलीचा चिखल फुटला. आई बाहेर आली, मागून पिल्लू... धडपडत फांदीवर बसलं आणि बघता बघता उडालं. आम्ही दोघं वर बघत उभे. झिलूनं कमरेच्या गाठीतून टोपडं काढलं.

“परत देऊ... का ठेवू?”

“ठेवा. पन मी दार लिंपून बसनार न्हाई.”

“बरं.”

“आनि रानात गेलात की सांजेला परत यायचं. रोज.”

तो हसला नाही. टोपडं पुन्हा कमरेला नीट बांधलं.

“पाय दुखले तरी यीन,” म्हणाला.