मागून मोजलं तर सहा

ताळेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं हिशेब लिहिले, तिथल्या टवाळ कारकुनांनी ते ठेवलेलं. कारणही तसंच होतं. कुठलीही बेरीज मास्तर आधी वरून खाली करत, मग खालून वर. दोन्ही उत्तरं जुळली तरच पेन उचलत. घरीसुद्धा तीच तऱ्हा. कुठं निघायचं झालं, की सगळ्यांना गाडीत बसवून हे दाराशी उभे. आधी पुढून मागं माणसं मोजायची, मग मागून पुढं. "पूर्ण!" म्हणायचं आणि मगच स्वतः आत शिरायचं.

"अहो, तुम्हाला धरून पाच माणसं!" बायको चिडवायची. "पळून कोण जाणार आहे?"

मास्तर हसत. पण मोजल्याशिवाय गाडी हलू देतील तर शपथ!

त्या रविवारी सगळे तळ्यावर निघाले. गाडी चालवायला मुलगी, शेजारी जावई, मागं बायको आणि सात वर्षांचं पिल्लू, म्हणजे नात. पुढून मागं मोजलं, स्वतःला धरून पाच. मागून पुढं मोजलं, सहा. पुन्हा मोजलं, पुन्हा सहा. मुलीनं हॉर्न वाजवला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणत मास्तर बसले.

वाटेत बायको म्हणाली, "जरा तिकडं सरका की हो."

मास्तर आधीच दाराला चिकटून बसले होते.

परत येताना एका फळवाल्यापाशी थांबले. वारा सुटला होता, आभाळ भरून आलं होतं आणि मुलगी घाई करत होती. मास्तरांनी पुढून मागं एकदाच मोजलं. पाच. "पूर्ण!"

दोन मैल गेल्यावर बायको किंचाळली, "अगं, पिल्लू कुठाय?"

गाडी वळवून येईपर्यंत मास्तरांचा जीव जीवात नव्हता. पोरगी फळवाल्याच्या खोक्यावर बसून रडत होती.

"बाबा, तुम्ही मोजलं होतं ना?" मुलीचा आवाज चिरकला.

"मोजलं होतं," मास्तर एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी नातीला जवळ घेतलं. "गाडीत का नाही बसलीस गं?"

"जागाच नव्हती आजोबा. ते ओले काका म्हणाले, जरा सरक. मग मी खालीच उतरले."

हे ओले काका कोण, ते मास्तरांना विचारावं लागलं नाही.

कारखान्यात लागण्याआधी मास्तर फौजेत होते, लढाई झाली तेव्हा चोवीस वर्षांचे. हिमवर्षावात पूल सोडून माघार घ्यायची होती, आणि ट्रकमधली माणसं मोजायचं काम त्यांच्याकडं होतं. एकोणीस मोजली, एकदाच. "पूर्ण!" म्हणून ओरडले आणि ट्रक सुटला. तळावर उतरली अठराच. तुकडीत सगळ्यांच्या तुटलेल्या गुंड्या शिवून देणारा एक हसरा पोरगा होता, सगळे त्याला शिंपी म्हणत. वळकटीवर आपला कोट पसरून तो क्षणभर खाली उतरला होता, आणि मास्तरांनी कोट मोजला.

शिंपी सापडला नाही. पुढं त्याच्या आईचं पत्र आलं. तिनं एवढंच विचारलं होतं, की माझा मुलगा ट्रकमध्ये कुठं बसला होता? मास्तरांनी चारदा उत्तर लिहायला घेतलं आणि चारदा फाडलं. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

आठवड्यानं जावयाची बदली झाली. घर रिकामं करून पाचही जणांनी कायमचं दुसऱ्या शहरात जायचं ठरलं. रस्ता दहा तासांचा, मध्ये नुसतं रान. सहावा बसणार म्हणजे पाचातलं कुणीतरी रस्त्यावर राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि पोरगी सगळ्यात लहान, सगळ्यात आधी सरकणारी.

"उद्या पिल्लूला मांडीवर घे," ते बायकोला म्हणाले.

"अहो, ती आता मांडीत मावते का? काय होतंय तुम्हाला? सांगा ना."

"काही नाही गं. तुम्ही सगळी नीट पोचलात, की झालं."

"पोचलात काय? पोचलो म्हणा," ती म्हणाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं रडू कधी आलं नव्हतं.

सकाळी सगळे गाडीत बसले. मास्तर दाराशी उभे राहिले.

पुढून मागं मोजलं. मुलगी, जावई, बायको, पिल्लू. चार.

मागून पुढं मोजलं. पाच.

त्यांच्या जागेवरची गादी खाली दबली होती. कापड ओलं होत चाललं होतं.

"बस बाबा," मास्तर हळूच म्हणाले. "तुझीच जागा आहे."

त्यांनी दार लावलं. मग म्हणाले, "पूर्ण."

आता कुणीतरी ओरडेल, आजोबा राहिले म्हणेल, म्हणून ते थांबले. कुणीच ओरडलं नाही. बायकोनं आपली शाल काढली आणि शेजारच्या जागेवर नीट पांघरली.

"केवढे गार पडलेत हो हात तुमचे," ती म्हणत होती.

मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी काचेवर टकटक केलं.

मुलीनं काच खाली घेतली. त्यांच्याकडं पाहिलं. चांगली मुलगी, लहानपणापासून सगळ्यांशी अदबीनं वागणारी.

"काय झालं काका? कुणाला शोधताय का?"

मास्तरांनी आत पाहिलं. पिल्लू आजीला बिलगून आपल्या जागेवर ऐसपैस बसलं होतं.

"कुणाला नाही," ते म्हणाले. "सावकाश जा हं."

"हो, हो." तिनं काच वर घेतली आणि मागं वळून विचारलं, "बाबा, निघायचं ना?"

मागून काय उत्तर आलं, ते मास्तरांना ऐकू आलं नाही. मुलगी मात्र हसली, आणि तिनं गाडी काढली.