उलटा भरलेला रोल

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण हे घडलंय, माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. त्या निगेटिव्ह आजही आमच्या कपाटात आहेत.

डिसेंबरातला मंगळवार. दुपारचे पावणेतीन. मामाच्या स्टुडिओमागची डार्करूम.

मामीला जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

डॉक्टरांनी मामाला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं... आठवडाभर, फार तर. मामाने ते मामीला कळू दिलं नाही. उलट तोंडभर हसून म्हणाला, बरी होते आहेस, चल, फोटो काढतो. आणि त्याने जुना मोठा कॅमेरा काढला. पोटाशी धरून, मान खाली घालून बघायचा असतो ना, तो. बारा फोटोंचा रोल भरला.

लक्ष सगळं मामीकडे होतं. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाने रोल उलटा भरला.

या रोलमध्ये फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो. लेन्ससमोर फिल्मऐवजी कागद आला. मामीचे बारा फोटो त्या कागदावर पडले. फिल्म कोरी राहिली.

हे कळलं अंधारात रोल बाहेर काढताना, हाताला. ती गेल्यावर.

आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, म्हणाली, टाकून दे तो, जिवाला त्रास नको. मामा म्हणाला,

"फिल्म चांगली आहे गं. तिची काय चूक?"

म्हणून त्या दुपारी तो डार्करूममध्ये शिरला. कडी लावली. दिवा बंद केला.

मिट्ट काळोख. या फिल्मला लाल दिवासुद्धा चालत नाही. रोल उलगडायचा, टोकाची चिकटपट्टी सोडवून परत लावायची, आणि सगळं सरळ गुंडाळायचं. हाताला सवय होती.

रोल पुरता उलगडला...

आणि फिल्म ताणली गेली.

टेबलाच्या खिळ्यात अडकली असेल, असं मामाला वाटलं. त्याने हलकेच ओढली.

पलीकडून तितक्याच हलकेपणाने कुणीतरी ओढली...

स्विच हाताशी होता. पण उजेड पडला की फिल्म वाया. मामाने दिवा लावला नाही. कान दिला.

श्वास नाही. पाऊल नाही. नळाची टिपटिपसुद्धा थांबली होती.

फक्त ती फिल्म, ताठ. चादरीची घडी घालताना समोरच्याने दुसरी बाजू धरावी, तशी.

मामा गुंडाळत गेला. पलीकडचं टोक जवळ जवळ येत राहिलं. शेवटी वीतभर उरलं...

"सोड आता," मामा म्हणाला.

सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोच रोल तीनदा तपासून भरला. मामीच्या रिकाम्या खाटेचे बारा फोटो काढले. संध्याकाळी रोल धुतला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाला, जरा बघ, मला नीट दिसत नाहीये.

मी निगेटिव्ह उजेडासमोर धरल्या.

खाट नव्हतीच.

बाराच्या बारा फोटोंत मामा होता.

मान खाली, कॅमेरा पोटाशी. अंगात त्या दिवशीचाच बिनबाह्यांचा स्वेटर... जो आईने आठवड्यापूर्वीच कुणाला तरी देऊन टाकला होता. फोटो खालून घेतलेले, उशीच्या उंचीवरून. पुढे पांघरुणाची कड आणि दोन गुडघ्यांचा उंचवटा.

मान खाली घातली की आपला चेहरा तिला दिसत नाही, अशी मामाची समजूत होती. पण झोपलेल्या माणसाला खालून सगळं दिसतं.

निगेटिव्हमध्ये चमकणारं सगळं काळं उमटतं.

मामाच्या गालांवर काळ्या रेघा होत्या. बाराही फोटोंत.

ओळखीच्या दोन फोटोग्राफरांना दाखवलं. एक म्हणाला, रोल आधी वापरलेला असेल. कुणी वापरला, असं विचारल्यावर त्याने निगेटिव्हची पट्टी परत माझ्या हातात दिली. दुसऱ्याने पट्टी हातातसुद्धा घेतली नाही.

मामा त्या भानगडीत पडत नाही. वर्ष झालं, भेटला की आवाज उतरवून एकच विचारतो.

"तिला सगळं कळलं होतं... आणि तरी ती मलाच धीर देत बसली होती का गं?"

मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवते. आणि घरात एकटी असले की ते कपाट उघडत नाही.