कोठीतली शिडी

ही गोष्ट ऐकीव नाही, घडलेली आहे. जिच्यासमोर घडली, त्या भाचीच्या पर्समध्ये कोठीची किल्ली आजही आहे.

आणि आधीच सांगितलेलं बरं... रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती. शेजारी कोणीतरी गाडी धूत होतं.

घर मास्तरांचं. बैठं, वर सपाट स्लॅब. जिना नाही. वर जायचं तर मागच्या अंगणातून लोखंडी शिडी लावायची. शिडीची खालून तिसरी पायरी ढिली. पाय पडला की वाजायची... खण्.

मास्तरांनी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने एक खूळ डोक्यात घेतलं. घरच्या घरी रेडिओ स्टेशन उभारायचं आणि उपग्रहामार्फत दूरदूरच्या माणसांशी बोलायचं.

गल्लीतली मुलं विचारायची, "आजोबा, तो उपग्रह पळून नाही का जात?"

"आपण दोघं एकाच चक्रावर बसून फिरलो, तर मला तू जागच्या जागीच दिसशील ना? तसाच तो. पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून आकाशात एका जागी उभा. आपली डिश त्याच्याकडे नीट वळली की झालं. इथे माइकमध्ये बोललं की आवाज वर जातो आणि पाव सेकंदात आपल्याच स्पीकरमधून परत येतो."

"आणि नीट नाही वळली तर?"

"तर बसा बोंबलत."

केसभर चुकलं तरी सिग्नल गायब. म्हणून ते काम दोघांचं. बहीण स्लॅबवर, हातात पाना. मास्तर खाली कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर एक हिरवी पट्टी. सिग्नल वाढला की ती वर चढायची. मास्तर खिडकीतून ओरडायचे, बहीण डिश सरकवायची. तिचा आवाज वाऱ्यात खाली पोचायचा नाही, म्हणून ती डिशच्या खांबावर पाना आपटायची. खांब खिडकीला लागूनच खाली आलेला. एक ठोका म्हणजे सरकवली. दोन ठोके म्हणजे नट आवळला.

भांडणही ठरलेलं. मास्तर म्हणणार, "छोटे, डावीकडे." ती हमखास उलटीकडे नेणार. पट्टी धाडकन खाली.

"अगं, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!"

मग ती खाली येऊन ऐकवणार, "दादा, साठी उलटली, पण तुझी डावी नि माझी डावी काही जुळली नाही."

काम संपलं की मास्तर रोज एकच वाक्य म्हणायचे. "बस. आता खाली ये."

केबल झाली, जोडण्या झाल्या. राहिली फक्त शेवटची दिशा. आणि छोटी न्यूमोनियाने गेली.

मास्तर रडले नाहीत. पुढ्यात चहा ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत बघत बसायचे. कोणी काही बोललं की म्हणायचे, "हं."

छोटीची मुलगी, म्हणजे मास्तरांची भाची, नर्स. तिने त्याच आठवड्यात शिडी ओढत नेऊन अंगणातल्या कोठीत आडवी टाकली आणि कुलूप लावलं.

"मामा, किल्ली माझ्याकडे राहील. वरून पडलात तर मला माहेर म्हणायला काही उरायचं नाही. रविवारी न्यायला येते. आता माझ्याकडेच राहायचं."

"एकदा सिग्नल येऊ दे. मग येतो."

"वर न चढता कसा येईल?"

"हं."

दोन दिवसांनी दुपारी मास्तर पडद्यासमोर बसले होते. पट्टी तळाला. सवय वाईट असते. तोंडातून निघून गेलं...

"छोटे, डावीकडे."

काही झालं नाही.

मग...

ठक्.

खांबावर एक ठोका.

पट्टी हलली. खाली गेली.

मास्तरांना भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. उत्तर चुकलेल्या मुलाला सांगावं तसं ते हळूच म्हणाले, "तुझ्या डावीकडे नाही गं. माझ्या."

ठक्.

पट्टी चढू लागली. अर्धी... पाऊण... स्पीकरमधली खरखर विरली आणि कुठल्या तरी लांबच्या माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"बस," मास्तर म्हणाले.

ठक्. ठक्.

पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं.

त्यांनी ते गिळलं.

रविवारी भाची आली, तेव्हा मास्तरांची बॅग रिकामीच होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, बाजारातून भाजी आणल्यासारखं सांगितलं.

"वाऱ्याने हलली असेल, मामा."

"वाऱ्याला माझी डावी, तुझी डावी कळते?"

"मामा, असं नका ना बोलू."

"मी येत नाही. ती वर आहे. मी अजून खाली ये म्हटलेलं नाही."

भाचीचा धीर सुटला. "आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते! मला शेवटचं पाणीसुद्धा देता आलं नाही. आणि तुम्ही तिला वर बसवून ठेवलंय?"

मास्तरांनी माइकचं बटण दाबलं. "हे बघ. आवाज परत येतो."

"...परत येतो," स्पीकर म्हणाला.

भाची माइकवर वाकली. रागाने म्हणाली की रडत, तिलाही आता आठवत नाही.

"आई, बस झालं. खाली ये!"

पाव सेकंद.

"...खाली ये!"

मास्तरांनी बटण सोडलं. शेजारचा पाण्याचा आवाज थांबला होता. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती.

मग...

लोखंडावर पाऊल पडलं. हलकं.

दुसरं.

तिसरं. सावकाश, गुडघे दुखणारं माणूस उतरतं तसं.

भाची मागच्या दाराने अंगणात धावली. वर पाहिलं. स्लॅबची कड मोकळी. भिंतीला काही टेकलेलं नाही.

शिडी तर कोठीत होती. आडवी. कुलपात.

पावलं थांबली नव्हती.

आवाज वरून येत नव्हता... कोठीतून येत होता.

खण्.

ती ढिली पायरी.

मग उरलेल्या दोन.

मग काहीच नाही.

भाची कोठीच्या दारासमोर उभी. दारापलीकडे कोणीतरी श्वास रोखून धरलाय, असं तिला वाटलं. आणि आतून, दाराच्या पत्र्यावर...

ठक्. ठक्.

मास्तर मागे येऊन उभे होते. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरले होते.

"किल्ली दे," ते म्हणाले.

तिने दिली नाही. त्यांचा दंड धरला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांना घेऊन गेली.

मास्तर आता भाचीकडे राहतात. जेवतात, झोपतात. रोज सकाळी चहा गार होईपर्यंत बसतात आणि हात पुढे करतात. "किल्ली?"

ती नाही म्हणते.

त्यानंतर ती एकदाच त्या घरी गेली. कॉम्प्युटर चालूच होता. पट्टी वर, तसूभरही हललेली नाही. अंगणात मात्र ती गेली नाही.

"ती आई असेल," ती म्हणते, "तर मी तिला कोंडून आले आहे. आणि आई नसेल..."

मग ती पर्स उघडते आणि किल्ली आहे ना, ते पाहते.