थाम, बाबू

ही गोष्ट माझ्या दिराची, दिगंबर भावोजींची. खोटी वाटली तर त्यांनाच विचारा. पण दिवसाढवळ्या विचारा. दिवे लागल्यावर ते या विषयावर तोंड उघडत नाहीत.

सन चौऱ्याहत्तर, जानेवारीची अठरा तारीख, शुक्रवार. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. भावोजी तेव्हा सरकारी विमा कंपनीत होते, काम इमारती तपासायचं. कुठे भेग आहे, कुठे ओल आहे, कुठला दरवाजा चौकटीत अडकतो. हातोडीनं ठोकत जायचं. भिंत टणक बोलली तर ठीक, बदबद बोलली तर आतून सुटलेली.

दुपारी चारला साहेबांनी बोलावलं. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीतली चार मजली इमारत. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर कापडाचं गोदाम, दुसऱ्यावर बायकांचा शिवणकारखाना, तिसऱ्यावर छापखाना.

"ऑगस्टमध्ये तूच पाहिली होतीस ना? मग एक फेरी मारून ये. सकाळी सही हवी."

"साहेब, पोचेपर्यंत अंधार पडेल. आणि जोडीला कोणी नाही."

"वाघ आहे का तिथे? खालूनच बघ."

खालूनच बघ! खालून बघून सह्या करणाऱ्यांच्या डोक्यावर एकदा तरी छत पडायला हवं. पण ते तिथे पडत नाही. ते पडतं वर मशीन चालवणाऱ्या बाईवर.

आणि भावोजींनाही मी सोडणार नाही. ऑगस्टमध्ये काय झालं तेही ऐका. पुण्याहून बदली होऊन त्यांना इथे बंगालात आठ दिवस झाले होते. बंगालीचं अक्षर कळत नव्हतं. त्या गोदामात म्हातारा दरवान मागे मागे चालत होता आणि एकसारखा म्हणत होता, "थाम, बाबू, थाम." भावोजींचा पारा चढला. थांबा नाही, थांब! दरवानानं साहेबाला एकेरीत थांब म्हणायचं? "तू कोण मला थांबवणारा?" म्हणून खेकसले, आणि त्या कोपऱ्यात न जाता तरातरा खाली उतरले. कागदावर लिहिलं, इमारत ठीक.

तुम्ही पोरं इथेच जन्मलात, तुम्हाला कळलं असेल. हसू नका. गप्प बसून ऐका.

तर त्या शुक्रवारी साडेपाचला भावोजी पोचले. दारावर दरवान नव्हता. पिंपळाचं रोप गच्चीच्या कठड्यातून हातभर बाहेर आलेलं. ते त्यांनी टिपून घेतलं. पहिल्या मजल्यावर गेले. गोदाम बंद होत आलेलं, माणसं किल्ली त्यांच्या हातात देऊन गेली. दार ढकललं तर ते फरशीला घासलं. ऑगस्टमध्ये घासत नव्हतं. दार एकाएकी घासायला लागलं तर समजावं, वरचं ओझं खाली येतंय. तेव्हाच परत फिरायचं. तपासणीचा पहिला नियमच तो, की एकट्यानं आत जायचं नाही आणि अंधारात तर नाहीच. पण सकाळी सही हवी होती ना!

सव्वासहाला दिवे गेले. तेव्हा रोजच जायचे. भावोजींनी टॉर्च लावला. भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले, कारण जमीन कच्ची असली तर मधोमध आधी जाते. वर शिवणयंत्रांची घरघर. पायानं चालवायची यंत्रं, त्यांना विजेचं काय.

चार पावलं झाली.

"थाम."

अगदी कानाशी. म्हातारा आवाज, ऑगस्टमधलाच.

भावोजी थांबले. टॉर्च फिरवला. कापडाचे गठ्ठे. कोणी नाही.

"कौन है?"



एक पाऊल टाकलं.

"थाम, बाबू..."

या खेपेला ते खेकसले नाहीत. ते जागच्या जागी उभे राहिले. हातोडी खाली. श्वाससुद्धा धरलेला.

आणि मग ऐकू आलं.

सर्र... सर्र...

वाळू गळत होती. समोर, कोपऱ्यात. तिथे नवीकोरी लाकडी पेटी होती, जमिनीपासून छतापर्यंत, चकचकीत पॉलिश केलेली. ऑगस्टमध्ये नव्हती. पेटीच्या खालच्या फटीतून वाळू येत होती. बारीक. न थांबता.

भावोजींनी हातोडीचं टोक घालून एक फळी उचकटली.

आत खांब होता. वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला. भेगेत अख्खा तळहात जाईल एवढी फट. दोन तुकडे एकमेकांना टेकून उभे. वर छापखान्याची लोखंडी यंत्रं, त्यांच्याखाली सदतीस बायका... आणि मालकानं काय केलं होतं? पॉलिश! लाकडाला खर्च केला मेल्यानं, खांबाला नाही.

भावोजी जिना चढून धावले.

कारखान्यात कंदील लावून बायका शिवत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सरलादी कात्री घेऊन उभ्या.

"नीचे चलो! सब नीचे! अभी!"

"हम नहीं उतरेगा बाबू," सरलादी म्हणाल्या. "काम छोड़ा तो मालिक कल से आने नहीं देगा. आप कौन? नया मालिक?" पोरी खिदळल्या.

"खांबा फट गया है! सुनो... नीचे बूढ़ा दरवान है, उसी ने रोका मुझे. थाम, थाम, बोला."

यंत्रं थांबली. एकेक करून सगळी.

सरलादींनी कात्री खाली ठेवली.

"दरवान? श्यामसुंदर?"

"नाम नहीं मालूम. बूढ़ा."

"थाम माने रुको नहीं, बाबू. थाम माने खांबा. वो सबको दिखाता था, थाम फट गया, थाम देखो. कोई नहीं देखा. एक साहब आया था, उसको डाँटकर चला गया." त्या भावोजींच्या तोंडाकडे बघत होत्या. "फिर दुर्गापूजो में अकेला बाँस लगाने गया... उसी थाम के नीचे मर गया."



खाली... सर्र...

"नामो!" सरलादी ओरडल्या. "शोबाई नामो!"

उतरल्या. भिंतीला धरून, एकीमागे एक, धावू न देता. सदतीस. छापखान्याची चार माणसं. सगळ्यांत शेवटी कंदील घेऊन सरलादी, आणि त्यांच्या मागे भावोजी. गोदामाच्या दारावरून जाताना त्यांनी आत पाहिलं नाही. पाहवलं नाही.

खालच्या दुकानदारांना हाका मारून बाहेर काढलं आणि रस्ता ओलांडला. चहावाल्याच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं.

मग अख्खी इमारत खाली बसली. धूळ. नंतर काही नाही. माणूस एकही गेला नाही.

सोमवारी साहेब म्हणाले, "अंधारात जायला तुला सांगितलं कोणी?" मालकानं लिहून दिलं, भूकंपाचा हादरा असावा. निर्लज्ज. श्यामसुंदरचं नाव एकाही कागदावर आलं नाही. भावोजींनी ऑगस्टचा स्वतःचा कागद काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, हा खोटा आहे, माझा आहे. त्यांची बढती गेली. जाऊ दे. माझ्या लेखी ते त्या दिवशी माणूस झाले.

आता राहिलं एक.

सगळे खांब पडले होते. धडधाकट, न चिरलेले, सगळे. उभा राहिला तो एकटा. चिरलेला. वर काही नाही, बाजूला काही नाही. ढिगारा उपसणारे मजूर पाचव्या दिवशी तिथवर पोचले, तेव्हा भावोजी हजर होते. खांबावर माणसाच्या उंचीला एक ओला डाग होता. दोन खांदे, मधे कण्याची रेघ. कोणी पाठ लावून जोर दिला की उमटतो तसा.

जानेवारीची थंडी. पाच दिवसांचं कोरडं ऊन. डाग वाळला नव्हता.

एका मजुरानं बोट लावलं. जिभेला टेकवलं.

"नोनता," तो म्हणाला.

खारट.