अंगाईचा आवाज कुणी दाबला?

अकरा वाजता रेडिओ केंद्रातली ऑपरेटर दारात येऊन उभी राहिली. "बारा वाजता माझी नोकरी जाणार. तेवढ्यात काही जमेल?"

"मी चप्पल घालेपर्यंत सांगा," गुप्तहेर वहिनी म्हणाल्या. त्यांचे दीर आणि मदतनीस भाऊजी अजून सदऱ्याची बटणं लावत होते.

नव्या गायिकेच्या निवडीसाठी परीक्षकांनी काल दहा गाणी ऐकली, प्रत्येकाचं पहिलं मिनिट. नऊ खणखणीत वाजली. एक अंगाई मात्र कशीबशी ऐकू आली आणि बाद झाली. आवाज ऑपरेटरनेच दाबला, असं ती अंगाई गाणाऱ्या गायिकेच्या नवऱ्याने लेखी दिलं होतं. केंद्रप्रमुख बाराला निर्णय देणार होते.

"तुम्ही बटणाला हात लावलात?" केंद्रावर पोचताच वहिनींनी विचारलं.

"मुळीच नाही. सॉफ्टवेअरच आवाज सारखे करतं. प्रत्येक गाण्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा शोधतं, ती एका ठरलेल्या रेघेवर आणतं. बाकीचं गाणं त्याच मापाने वरखाली होतं."

केंद्रप्रमुख कुरकुरले, "मग ते एकाच गाण्यावर कसं रुसलं?"

गायिका आणि तिचा नवराही तिथे आले होते. गायिका हळू बोलणारी होती. "घरीच रेकॉर्ड केलं. दारं-खिडक्या लावून. माइक यांनी हातात धरला होता."

"माझ्या हनुवटीपाशी!" नवरा गरजला. टेबलावरचा पेला थरथरला. "हात जरासुद्धा हलू दिला नाही!"

"गाणं छानच झालं असेल," भाऊजी म्हणाले.

"छान? अहो, शेवटचा सूर ऐकून अंगावर काटा आला माझ्या!"

वहिनी ऑपरेटरकडे वळल्या. "सुरुवात नको. शेवट लावा."

अंगाई संपली. क्षणभर शांतता. मग स्पीकरमधून असा काही "वा!" फुटला, की भाऊजी खुर्चीवरून उठलेच.

"ही सगळ्यात मोठी जागा," वहिनी म्हणाल्या. "सॉफ्टवेअरने ही रेघेवर आणली. झालं, अंगाईला वर उचलायला वावच उरला नाही. बाकीच्या गाण्यांत असा दणका नव्हता, ती वर आली. परीक्षक पहिल्या मिनिटालाच थांबले, त्यामुळे हे कुणाच्या कानावर पडलंच नाही. माइक कुणाच्या हनुवटीपाशी होता, ते आत्ताच कळलं. आणि आवाजही आपण ऐकलाय."

"म्हणजे गुन्हेगार हे?" भाऊजींनी विचारलं.

"गुन्हा कसला, भाऊजी? बायकोचं कौतुक पोटात राहिलं नाही."

नवरा मटकन बसला. "माझ्यामुळे बाद झाली ती?"

"सतरा वर्षं सांगतेय, जरा हळू बोला," गायिका म्हणाली. पण तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

ऑपरेटरने शेवटचा तुकडा कापला आणि गाणं पुन्हा मोजायला लावलं. या वेळी अंगाई खोलीभर पसरली. कुणी मध्ये बोललं नाही.

नवऱ्याने तक्रारीचा कागद मागून घेतला, फाडला आणि ऑपरेटरकडे वळला. "ताई, चुकलो."

"परीक्षकांना दुपारी परत बोलावतो," प्रमुख म्हणाले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ऑपरेटरवर खेकसले, "बाराला चार मिनिटं कमी आहेत. बातम्या कोण लावणार? बसा जागेवर!"

ती बसली.